परब बाईंच्या न लिहिलेल्या अटी

परब बाई पेढ्यांचा बॉक्स घेऊन निघाल्या की समजावं, आज कोणाचं तरी काही खरं नाही.

नोकरभरतीच्या परीक्षेचा मोठा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी त्या अंधेरीहून बोरिवलीला देसाई सरांकडे जायच्या. देसाई सरांनी त्यांना शाळेत गणित शिकवलं होतं. दहावीच्या प्रिलिममध्ये बाईंनी एका गणिताचं उत्तर बरोबर लिहिलं, पण मधल्या पायऱ्या लिहिल्या नाहीत. सरांनी चारपैकी चार गुण कापले आणि भर वर्गात विचारलं, "कोणाचं बघून लिहिलंस गं?" एवढंच. या एवढ्याशा गोष्टीवर बाई तीस वर्षं जगल्या. एका वर्षी त्यांनी मला बरोबर नेलं. सरांनी दार उघडलं, बाईंनी बॉक्स पुढे केला.

"यंदा सव्वीस मुलं लागली, सर. एकानेपण पायऱ्या लिहिल्या नाहीत."

"मला साखर आहे, परब," सर म्हणाले.

"मग बघत बसा."

आणि आम्ही चहा पिऊन आलो. निघताना सरांची सून मला जिन्यात हळूच म्हणाली, "निकाल लागला ना, की बाबा सकाळपासून दाढीबिढी करून बसतात. त्या येणार म्हणून." हे मी बाईंना कधी सांगितलं नाही. त्यांचा तेवढा एक आनंद कशाला घालवायचा?

बाई ज्या क्लासात गणित शिकवायच्या, त्याच क्लासात मी, शुभा, मराठी व्याकरण शिकवत होते. अंधेरी पूर्वेला, खाली हार्डवेअरचं दुकान आणि वर आमचा क्लास. लिपिक, तलाठी, बँक, जी भरती निघेल तिची तयारी. मालक पाटणकर सर. सर म्हणायचं ते पगार त्यांच्याकडून मिळायचा म्हणून. त्यांनी जन्मात एक तास शिकवला नव्हता. आधी ते पाणी शुद्ध करायची मशीन विकायचे. माझा या माणसावर राग होता आणि आजही आहे. हे सगळं मी सूड म्हणून लिहितेय असं कोणी म्हणालं तर माझी हरकत नाही.

बाईंचं नाव सुनंदा. मूळ मालवणकडच्या, वडील गिरणीत होते, गिरणी गेल्यावर जोगेश्वरीला गुंफेकडे जाणाऱ्या रस्त्यावर राहायला आले. बाई तिथेच वाढल्या, तिथेच एकट्या राहत. उंची बेताची, आवाज असा की माझ्या वर्गात समास चालू असला तरी मुलांच्या कानात शेजारची शेकडेवारी जायची. बोलणं आमच्यासारखंच मुंबईचं, पण संताप झाला की मालवणी बाहेर यायची. नाक्यावरच्या उसाच्या रसवाल्याला एकदा त्यांनी सांगितलं, बर्फ नको. त्याने सवयीने घातला. त्यानंतर बाई रोज रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने यायच्या, तिकडे फूटपाथ खोदलेला असला तरी.

"अहो, तो विसरला पण असेल," मी म्हणायची.

"तो विसरला म्हणून मी विसरू? माझं डोकं काय त्याच्याकडे गहाण आहे?"

पण शिकवायला उभ्या राहिल्या की त्यांच्यासारखं कोणी नव्हतं. 'ट्रिक' हा शब्द त्यांच्या वर्गात चालत नसे. एखाद्याने म्हटलं, "मॅडम, याची ट्रिक सांगा ना," की त्या म्हणायच्या, "ट्रिक जादूगाराकडे. माझ्याकडे रीत आहे, हवी तर बस." पहिली ऑर्डर असायची, "पेन खाली." मग फळ्यावर गणित लिहायच्या, पण आधी पर्याय लिहायच्या आणि मग प्रश्न. एका गणिताला परीक्षेत जेमतेम चाळीस सेकंद मिळतात, चुकलं तर मिळालेल्यातून कापतात. तिथे गुणाकार मांडत बसणारा गेलाच. बाई म्हणायच्या, "उत्तर तुमच्यासमोर छापून दिलंय. तुम्हाला फक्त तीन खोटारडे हाकलायचेत."

एकदा मी दारात उभी राहून ऐकलं. तीनशे सत्तेचाळीस गुणिले दोनशे शहाऐंशी. पर्याय चार: ९९२४२, ९८२४२, ९९४२२, ९९२४४. सात सक बेचाळीस, म्हणजे शेवटी दोन हवा, चौथा गेला. मग अंकांची बेरीज. तीनशे सत्तेचाळीसची पाच, दोनशे शहाऐंशीची सात, पाच सत्ते पस्तीस, तीन अन् पाच आठ. दुसऱ्या पर्यायाची बेरीज सात येते, तोही गेला. चेतन नावाचा घाटकोपरचा एक चुणचुणीत पोरगा होता, तो ओरडला, "९९४२२! बेरीज आठ! अकरा सेकंद, मॅडम!"

बाई त्याच्याकडे बघून अख्ख्या वर्गाला म्हणाल्या, "अट?"

साठ पोरं एका सुरात ओरडली, "नऊने चूक पकडता येते, बरोबर पकडता येत नाही!"

म्हणजे बेरीज जुळली नाही तर उत्तर नक्की चूक. जुळली म्हणून ते बरोबर असेलच असं नाही. पहिल्या पर्यायाचीही बेरीज आठच होती, फक्त आकड्यांची जागा बदललेली. मग बाईंनी शेवटचे दोन आकडे काढायला लावले, सत्तेचाळीस गुणिले शहाऐंशी, शेवटी बेचाळीस, म्हणजे पहिला पर्याय. "बावीस सेकंद," बाई म्हणाल्या. "अकरा सेकंदांत चुकण्यापेक्षा बावीस सेकंदांत नोकरी लागलेली बरी. काय चेतन?" चेतनने मान खाली घातली. तो पुढे लागला, पण ते वेगळं.

ही अट म्हणजे बाईंचा जीव. प्रत्येक सूत्राला अट असे, म्हणजे ते सूत्र कधी चालतं आणि कधी चालत नाही. जाताना ताशी चाळीस आणि येताना ताशी साठ, तर सरासरी वेग अठ्ठेचाळीस. पण अट अशी की दोन्हीकडचं अंतर सारखं हवं. वेळ सारखा असेल तर सरळ पन्नास. दोन पंखे विकले, एकावर दहा टक्के नफा आणि एकावर दहा टक्के तोटा, तर एकूण एक टक्का तोटा. पण विक्रीची किंमत सारखी असेल तरच. खरेदीची सारखी असेल तर ना नफा ना तोटा. अशी चाळीस सूत्रं होती आणि चाळीस अटी. सूत्र फळ्यावर लिहून मिळायचं, वहीत उतरवायचं. अट सांगताना मात्र पुन्हा "पेन खाली". अट कोणी लिहायची नाही, पाठ करायची, रोज ओरडायची.

"लिहिलंत की विसरायला मोकळे," त्या म्हणायच्या. "अट पोटात गेली पाहिजे."

खालच्या हार्डवेअरवाल्या मोटाभाईंनासुद्धा चाळीसच्या चाळीस अटी पाठ झाल्या होत्या.

तर एके दिवशी पाटणकर सरांनी दोन मुलींच्या वह्या ऑफिसात मागवून घेतल्या. अक्षर सुंदर, रेघा लाल. गैरहजर मुलांसाठी झेरॉक्स काढायच्या, असं सांगितलं. महिन्याभराने सरांनी मला केबिनमध्ये बोलावून एक गठ्ठा पुढ्यात टाकला. "शुभा मॅडम, जरा शुद्धलेखन बघा. आपलं पुस्तक येतंय." वरच्या पानावर सरांचा हाताची घडी घातलेला फोटो, त्यावर 'गणित सुपरफास्ट', आणि खाली त्यांचं नाव.

मी पान उलटलं आणि मला कळलं. सूत्रांचा क्रम, उदाहरणं, पंख्याच्या जागी पंखाच. मी काय केलं? लाल पेन काढलं आणि ऱ्हस्व-दीर्घ बघायला बसले. माझ्या मुलाची अकरावीची ॲडमिशन तोंडावर होती, हे कारण मी तेव्हा स्वतःला दिलं. आज देणार नाही. मी घाबरले होते.

तिसऱ्या दिवशी बाई काहीतरी मागायला केबिनमध्ये आल्या आणि टेबलावरचं मुखपृष्ठ त्यांनी पाहिलं. सर खुर्चीत, मी समोर, हातात लाल पेन. लपवायला काही वाव नव्हता.

"ह्यां माझा हा," बाई म्हणाल्या. हे माझं आहे. आवाज अजिबात चढला नव्हता.

"अहो परब मॅडम, क्लासात शिकवलेलं ते क्लासचं," सर हसत म्हणाले. "पाढ्यांवर कोणी नाव टाकतं का?"

"फोटो तुमचा ठेवा. नाव माझं टाका. मला दुसरं काही नको."

"आभारात टाकू ना. शेवटच्या पानावर." आणि मग त्या माणसाने हद्द केली. "तुम्ही आलाच आहात, तर जरा सूत्रं तपासून द्या. मला काय त्यातलं कळत नाही, तुम्हाला माहितेय."

मला वाटलं, आता गठ्ठा त्याच्या तोंडावर बसणार. मी खुर्ची मागे सरकवलीसुद्धा. पण बाई बसल्या. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत त्यांनी एकेक ओळ वाचली. मध्येच त्या एकदा थांबल्या, तीन-चार पानं मागे गेल्या, पुन्हा पुढे आल्या, आणि तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी झालं. मग गठ्ठा नीट जुळवून त्यांनी सरांसमोर ठेवला.

"एकही सूत्र चुकीचं नाही. छापा."

मग माझ्याकडे वळल्या. "तुम्ही शुद्धलेखन नीट बघा हं, मॅडम."

बारा वर्षं त्या मला 'गो शुभा' म्हणत होत्या. त्या दुपारपासून मी 'तुम्ही' झाले.

मी त्यांच्या मागे जिन्यापर्यंत धावले. माफीचं काहीतरी पुटपुटले. त्यांनी ऐकून घेतलं नाही.

"अटी नाहीत त्यात," त्या म्हणाल्या. "वहीतच नव्हत्या, तर त्या मेल्याला कुठून मिळणार? सूत्रं सगळी बरोबर आहेत. गणितं चुकतील."

"अहो, पण मग सांगा ना त्यांना!"

"कित्याक? तेचा पुस्तक, तेचा नाव. निस्तरांदे." कशाला सांगू, त्याचं त्यालाच निस्तरू दे. त्या दोन पायऱ्या उतरल्या आणि थांबल्या. "मी तेका सोडूचंय नाय. तुम्हाला सांगायचं तर जाऊन सांगा."

मी सांगितलं नाही. आता यावर कोणी मला विचारलं तर माझ्याकडे दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही खरी आहेत. एक, नोकरीची भीती. दुसरं, मला त्या फोटोतल्या माणसाचं नाक कापलं गेलेलं बघायचं होतं. बाईंचा राग मला आयता मिळाला होता आणि मी त्यात बसून घेतलं.

बाईंनी त्याच दिवशी क्लास सोडला आणि जोगेश्वरीला समाजमंदिरात सकाळची बॅच सुरू केली. त्यांच्या जागी सरांनी कोणीतरी इंजिनिअर आणला. तो पुस्तक हातात धरून शिकवायचा. पोरं खूश, पालक खूश. पुस्तक गुळगुळीत कागदावर, दर पानावर घड्याळाचं चित्र. "पेन खाली" बंद झालं आणि ओरडणंही बंद झालं. मोटाभाईंनी एकदा मला विचारलं, "मॅडम, आता पोरं बोलत नाय काय?"

परीक्षा झाली. आमची पोरं हसत बाहेर आली. गणित पंधरा मिनिटांत संपलं म्हणे. त्यातल्या प्रणालीने मला त्याच रात्री फोन करून सांगितलं, "मॅडम, झकास गेला पेपर, सगळे ओळखीचे प्रश्न!" प्रणाली साकीनाक्याची. वडील तिथेच एका गाळ्यात लेथवर कामाला. ती दिवसा एका कुरिअरच्या ऑफिसात बसायची, संध्याकाळी क्लासला यायची, आणि वयोमर्यादेत बसणारी तिची ही शेवटची परीक्षा होती.

प्रश्न ओळखीचेच होते. गाडी पहिले दोन तास ताशी चाळीसने आणि पुढचे दोन तास ताशी साठने. पर्यायांत अठ्ठेचाळीस होताच, पन्नासही होता. दोन मोबाईल सारख्याच किमतीला घेतले, एक दहा टक्के नफ्यात विकला, एक तितक्याच टक्के तोट्यात; एक टक्का तोटा हा पर्याय पहिलाच. पेपर काढणाऱ्याला काय अटी माहीत नसतात? आमच्या पोरांनी धडाधड अठ्ठेचाळीस आणि एक टक्का केलं. निकाल लागला तेव्हा क्लासाची वाट लागली होती. प्रणाली दोन गुणांनी गेली. बाईंच्या समाजमंदिरातली चौदा मुलं लागली, आणि त्या वर्षी पेढ्यांचा एक बॉक्स पाटणकर सरांच्या नावाने खाली मोटाभाईंकडे आला. आत चिठ्ठी नव्हती.

पालक आले, पोरं आली, केबिनमध्ये आरडाओरडा झाला. सर घामाघूम. आणि मग ते ओरडले, "अहो, परब मॅडमनीच तपासून दिलंय! माझ्यासमोर! विचारा, या शुभा मॅडमना विचारा!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. प्रणाली सर्वांत मागे, दाराला टेकून उभी होती.

"हो," मी म्हणाले. "तपासलं होतं."

बाकीचं सांगायला तोंड उघडेपर्यंत कोणी ऐकायला थांबलं नव्हतं.

पाटणकर किती पोचलेला माणूस आहे हे मला पुढच्या महिन्यात कळलं. पुस्तकाची नवी आवृत्ती आली. आतलं एक अक्षर बदललेलं नव्हतं. पण फोटो गायब, सरांचं नाव गायब, आणि मुखपृष्ठावर ठसठशीत अक्षरांत: 'लेखिका सुनंदा परब'. कोणी पालक आला की सर पुस्तक पुढे करायचे. "चूक आमची नाही. लेखिकेचं नाव वाचा."

जे बाईंनी मागितलं होतं तेच त्याने दिलं होतं. मी त्या दिवशी बाथरूममध्ये जाऊन रडले, रागाने.

बाईंच्या कानावर ते जाणारच होतं. चार दिवसांनी त्या अंधेरीला आल्या. मी वरून खिडकीतून पाहिलं. सर पण दुसऱ्या खिडकीत होते आणि त्यांनी वॉचमनला खाली पाठवून ठेवलं होतं. पण बाई वर आल्याच नाहीत. मोटाभाईंनी दुकानाबाहेर एक प्लायवुडचं टेबल आणि स्टूल टाकून दिलं. बाई बसल्या, पिशवीतून काळं बॉलपेन काढलं, आणि क्लासात शिरणाऱ्या पहिल्या पोराला म्हणाल्या, "पुस्तक आण इकडे. ते अर्धंच आहे."

त्याच्या पुस्तकात प्रत्येक सूत्राखाली त्यांनी हाताने अट लिहिली. चाळीस. मग दुसरं पुस्तक. जन्मभर ज्यांनी अट कागदावर येऊ दिली नाही, त्या फूटपाथवर बसून अटी लिहीत होत्या. संध्याकाळपर्यंत रांग लागली. दुसऱ्या दिवशी रांग बँकेच्या एटीएमपर्यंत गेली. वॉचमनने हटकलं तेव्हा मोटाभाई दुकानातून बाहेर आले आणि गुजरातीत जे काही बोलले त्यानंतर वॉचमन परत खाली आला नाही. लिहिता लिहिता बाई पोरांना विचारायच्या, "फी किती भरलीस? जोगेश्वरीला ये, सकाळी सात वाजता." त्या आठवड्यात सरांच्या दोन बॅच रिकाम्या झाल्या. सर खिडकीतून मोजत होते. मी त्यांच्याकडे बघून उघड हसले आणि त्यांनी ते पाहिलं. महिन्याअखेरीस माझी नोकरी गेली. ती जाणारच होती.

शनिवारी, बाईंच्या त्या टेबलावरच्या शेवटच्या दिवशी, प्रणाली आली. मी तेव्हा खाली उतरले होते, बाईंपासून जरा लांब उभी होते. तिने टेबलावर पुस्तक ठेवलं. जुनी आवृत्ती, सरांचा फोटो असलेली.

"माझ्यात पण लिहा."

बाईंनी पान उघडलं. "कधी आहे परीक्षा?"

"नाही आता. वय संपलं माझं."

बाईंचं पेन थांबलं. "मग कशाला लिहून हवंय?"

"लिहा," प्रणाली म्हणाली. "मॅडम, तुम्हाला माहीत होतं ना? तपासलंत तेव्हा?"

मला वाटलं बाई काहीतरी सांगतील, पाटणकरचं, वह्यांचं, फोटोचं. सांगण्यासारखं खूप होतं.

"होतं," बाई म्हणाल्या.

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"त्याच्यावरचा राग होता. तुझ्यावर निघाला." त्यांनी तिच्याकडे सरळ पाहिलं. "मी चुकलंय."

"मी तुम्हाला माफ नाही करणार," प्रणाली म्हणाली. "कधीच नाही."

"नको करू," बाई म्हणाल्या. "मी असते तर मीपण केलं नसतं."

आणि त्या लिहायला लागल्या. मागे रांग होती, ऊन डोक्यावर आलं होतं, मोटाभाईंनी पाण्याची बाटली आणून ठेवली. प्रणाली टेबलावर दोन्ही हात टेकून उभी राहिली. बाईंनी चुकून दोन पानं एकदम उलटली, तशी तिने बोटाने मागचं पान परत काढून दाखवलं. "हे राहिलं." बाईंनी तेही लिहिलं. चाळिसावी अट होईपर्यंत ती हलली नाही, आणि बाईंनीही मान वर केली नाही.